न दिलेला परवाना

1999 च्या जून महिन्यात अमेरिकेत दोन घटना घडल्या. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकायला गेलेल्या शॉन फॅनिंग या तरुणाने नॅपस्टर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर खुला केला. त्याच महिन्यात तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने ‘रिओ’ या खिशात मावणाऱ्या एमपीथ्री प्लेअरविषयीच्या खटल्याचा निकाल दिला. पहिली घटना जगभर गाजली, दुसरी कायद्याच्या अभ्यासकांपुरती राहिली. पण इंटरनेटवरून फुकट गाणी देण्याघेण्याचा वाद समजून घ्यायचा, तर आधी दुसरीकडे पाहायला हवे. 1992 मध्ये अमेरिकी काँग्रेसने घरगुती ध्वनिमुद्रणासाठी एक कायदा केला होता. डिजिटल रेकॉर्डरच्या विक्रीवर दोन टक्के आणि त्यात घालायच्या कोऱ्या टेपांवर तीन टक्के आकारणी करायची, जमलेली रक्कम गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि कंपन्या यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटायची, आणि त्या बदल्यात स्वतःपुरती नक्कल करून घेणाऱ्याला कोर्टात खेचायचे नाही, असा तो सौदा होता. रिओ बनवणाऱ्या कंपनीवर रेकॉर्ड कंपन्यांनी याच कायद्याखाली दावा लावला. न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की रिओमध्ये गाणी येतात ती संगणकाच्या हार्ड डिस्कवरून. हार्ड डिस्कवर गाण्यांखेरीज इतर पुष्कळ काही असते, त्यामुळे ती कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही आणि म्हणून रिओही बसत नाही. कायद्याच्या शब्दांना धरूनच हा निकाल होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की पुढची कित्येक वर्षे ज्या यंत्रावर जगभरातल्या संगीताच्या नकला होणार होत्या, तेच यंत्र कलावंताला मोबदला देणाऱ्या व्यवस्थेच्या बाहेर राहिले.

नॅपस्टर इतक्या झपाट्याने का पसरले, हे आकड्यांवरून लक्षात येते. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे 44,100 नमुने नोंदले जातात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि असे दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. चार मिनिटांच्या गाण्याला 40 मेगाबाइटहून अधिक जागा लागते. त्या काळच्या टेलिफोनवरच्या मोडेमने एवढे एक गाणे उतरवायला दीड-दोन तास गेले असते. जर्मनीतल्या एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाच्या मर्यादांचा अभ्यास करून एक युक्ती काढली. एका मोठ्या आवाजाखाली दबलेला लहान आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? अशा न ऐकू येणाऱ्या गोष्टी गाळल्या की फाइल जवळजवळ अकरापट लहान होते. चार मेगाबाइटचे गाणे दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागले. फॅनिंगने याला एका सूचीची जोड दिली. गाणी लोकांच्या आपापल्या संगणकावरच राहत, पण कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर असे. तुम्ही नाव टाकायचे, सर्व्हरने पत्ता सांगायचा, आणि फाइल थेट एका घरातून दुसऱ्या घरात जायची. मधली ही यादी पुढे निर्णायक ठरली, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

त्यानंतर जो वाद पेटला तो दोन टोकांवरून लढला गेला. एक बाजू म्हणे, ही सरळ चोरी आहे, दुकानातून सीडी उचलून पळण्यासारखी. दुसरी म्हणे, माझ्याकडची फाइल मी तुला दिली तरी माझ्याकडची जात नाही, मग चोरी कसली. शिवाय संगीत पसरले तर कलावंताचाच फायदा. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या आणि दोघांच्याही हाती थोडे थोडे सत्य होते. पण दोघांनी मिळून वादाचा प्रश्नच चुकीचा मांडला. नक्कल थांबवायची की मोकळी सोडायची, असा प्रश्न तिथे नव्हताच. नक्कल थांबणार नव्हती. तिचे पैसे कोणी द्यायचे, किती, आणि कोणाच्या हातात, एवढेच ठरायचे होते. अशी ठरवाठरवी करण्याची सुमारे शंभर वर्षांची परंपरा कायद्याच्या इतिहासात होती. नॅपस्टरच्या वेळी ती मोडली गेली, आणि त्याचा भुर्दंड कंपन्यांपेक्षा आणि श्रोत्यांपेक्षा साध्या कलावंताला अधिक पडला, असे या प्रकरणात मला मांडायचे आहे.

ही परंपरा सुरू झाली ती आपोआप वाजणाऱ्या पियानोमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या घराघरांत असे पियानो आले. भोके पाडलेली कागदी गुंडाळी आत बसवली की पियानो ते गीत वाजवी. संगीतकारांना या गुंडाळ्यांपायी एक छदामही मिळत नसे, कारण 1908 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माणसाला डोळ्यांनी वाचता न येणारी गुंडाळी ही स्वरलिपीची प्रत होत नाही. बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांनी तर 1906 मध्येच यांत्रिक संगीताविरुद्ध जळजळीत लेख लिहिला होता. यंत्रे घरोघरचे गाणे-वाजवणे मारून टाकतील अशी त्यांना भीती होती. दुसरीकडे काँग्रेसपुढे वेगळाच पेच होता. संगीतकारांना पूर्ण हक्क द्यावा, तर एओलियन या एका बड्या कंपनीने बहुतेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. सगळा धंदा तिच्या मुठीत गेला असता. 1909 च्या कायद्याने यातून वाट काढली. आपल्या गीताचे पहिले यांत्रिक मुद्रण होऊ द्यायचे की नाही हे संगीतकाराने ठरवायचे. एकदा त्याने होऊ दिले, की पुढे कोणीही ते करू शकेल, मात्र प्रत्येक नगामागे दोन सेंट मोजले पाहिजेत. याला सक्तीचा परवाना म्हणतात. संगीतकाराला पैसे मिळाले, लोकांना गाणी मिळाली, मक्तेदारी टळली.

पुढे रेडिओ आला तेव्हा असेच घडले, जरी भांडण कडाक्याचे झाले. 1941 मध्ये दराच्या वादातून अमेरिकी केंद्रांनी संगीतकारांच्या प्रमुख संघटनेची गाणी दहाएक महिने लावलीच नाहीत, पण शेवट झाला तो एकगठ्ठा परवान्याच्या करारानेच. जर्मनीतले उदाहरण मला अधिक बोलके वाटते. पन्नाशीच्या दशकात तिथे टेपरेकॉर्डर घरोघरी पोचू लागले. संगीतकारांच्या ‘गेमा’ या संस्थेने मागणी केली, की रेकॉर्डर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची ओळखपत्रे पाहून नावे कळवावीत. 1964 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती फेटाळली. लोक बंद दाराआड काय नकलतात यावर पहारा ठेवायचा, तर घराच्या पावित्र्यालाच धक्का लागतो, हे त्यामागचे कारण. मग 1965 च्या कायद्याने दारावरचा पहारा सोडून दुकानाच्या गल्ल्याकडे मोर्चा वळवला; रेकॉर्डरच्या किमतीतच संगीतकारांचा वाटा घातला. नंतर युरोपातल्या बहुतेक देशांनी कोऱ्या कॅसेटांवर आणि यंत्रांवर अशी आकारणी स्वीकारली.

आपल्याकडेही याचा एक धडा आहे, आणि तो फारसा आठवला जात नाही. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती, की मूळ ध्वनिमुद्रण एकदा झाल्यावर, सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून, कोणीही त्या गाण्याचे नवे मुद्रण करू शकतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टी-सीरीजने या तरतुदीच्या आधारावर जुनी चित्रपटगीते नव्या आवाजांत मुद्रित करून बाजारात आणली. त्या काळचा कॅसेटबाजार काही स्वच्छ नव्हता. सरळसरळ चोरून छापलेल्या कॅसेटांचा सुळसुळाट होता. तरीही एचएमव्हीची वर्षानुवर्षांची एकाधिकारशाही मोडली ती याच काळात. कॅसेटच्या किमती उतरल्या, गायकांची नवी फळी उभी राहिली, आणि ज्यांना तबकडीच्या जमान्यात मोठी कंपनी दारातही उभे करत नव्हती अशा भीमगीतांना, कोळीगीतांना, भजनांना, लोकगीतांना स्वतःचा बाजार मिळाला. अमेरिकी संशोधक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या बदलावर 1993 मध्ये ग्रंथच लिहिला. नकलेचे साधन स्वस्त होणे म्हणजे संगीताचा अंत, हे समीकरण आपल्याच डोळ्यांदेखत खोटे ठरले होते.

आता नुकसानीचा मुद्दा. फुकट देवघेवीच्या समर्थकांनी हा प्रश्न फार सोपा करून टाकला, आणि तिथे त्यांच्याशी सहमत होता येत नाही. त्यांचा मोठा आधार म्हणजे फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास. कोणते अल्बम किती उतरवले गेले आणि दुकानात किती खपले यांची तुलना त्यांनी केली. यात एक अडचण असते. लोकप्रिय अल्बम दोन्हीकडे चालतो, त्यामुळे नुसत्या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या हाताशी धरल्या. जर्मन मुले सुट्टीत घरी असली की त्यांच्या संगणकांवरून अमेरिकेला जास्त फाइली मिळत. या चढउताराचा अमेरिकेतल्या आवडीनिवडीशी संबंध नाही. अशा दिवसांत अमेरिकेतला खप घटला का? त्यांचे उत्तर होते, घटला असलाच तर शून्यापासून वेगळा ओळखू येऊ नये इतका थोडा. पद्धत कल्पक होती, पण तिच्यावर जोरदार टीका झाली. स्टॅन लीबोविट्झ यांनी तर खपातल्या घसरणीचा बहुतांश दोष फाइलींच्या देवघेवीलाच दिला. राफाएल रॉब आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारून काढलेला निष्कर्ष या दोहोंच्या मधला आहे: पाच अल्बम फुकट उतरवले गेले की साधारण एका अल्बमची खरेदी बुडते. मला हाच अंदाज सर्वांत पटण्याजोगा वाटतो, कारण माणसाच्या वागण्याशी तो जुळतो. फुकट मिळाले म्हणून घेतलेल्या बहुतेक गाण्यांवर त्याने एरवी पैसे खर्चलेच नसते. काहींवर मात्र खर्चले असते. म्हणजे प्रत्येक डाउनलोड ही बुडालेली विक्री हा कंपन्यांचा हिशेब पाचपट फुगवलेला होता, आणि कोणाचेही काही गेले नाही हा विरोधी दावाही खरा नव्हता. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न 1999 मध्ये 1,460 कोटी डॉलर होते; 2014 पर्यंत ते निम्म्याहूनही खाली आले. एवढी घसरण एकट्या फुकट फाइलींनी केली असे म्हणता येत नाही. पूर्ण अल्बमऐवजी एकेक गाणे विकत घेण्याची सोय झाल्यानेही खर्च घटला, जुन्या तबकड्या बदलून सीडी घेण्याची लाटही तोवर ओसरली होती. पण फाइलींचा त्यात हात नव्हता असे म्हणणे सत्याला सोडून होईल.

समर्थकांचा दुसरा युक्तिवाद होता तो कंपन्यांच्या लोभाचा. त्यात तथ्य होते. मे 2000 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाच बड्या कंपन्यांना सीडीच्या जाहिरातीतल्या किमती पडू न देण्याच्या अटी मागे घ्यायला लावल्या. त्या अटींपायी ग्राहकांना तीन वर्षांत सुमारे 48 कोटी डॉलर जास्त मोजावे लागले, असा आयोगाचा अंदाज होता. पण कंपनी लोभी आहे म्हणून गायकाला काहीच न देणे, हा न्याय होत नाही. लोभाविरुद्धचा हा युक्तिवाद खरा उपयोगी पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. कलावंताचे पैसे कंपनीच्या तिजोरीतून न फिरवता थेट त्याला कसे पोचतील, हे विचारताना त्याची गरज लागते, आणि 1992 च्या कायद्यातल्या वाटणीत त्याचा नमुना होता. ध्वनिमुद्रणाच्या निधीतला गायक-वादकांचा वाटा कंपनीच्या हाती जात नसे.

मग 2001 चा फेब्रुवारी उजाडला. त्या महिन्यात रेकॉर्ड कंपन्यांनी लावलेल्या खटल्यात अपील न्यायालयाने नॅपस्टरविरुद्ध निकाल दिला, आणि त्याच महिन्यात नॅपस्टरने कंपन्यांपुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही सेवा सशुल्क करतो, पाच वर्षांत शंभर कोटी डॉलर देतो, दरवर्षी 15 कोटी पाच बड्या कंपन्यांना आणि 5 कोटी छोट्या स्वतंत्र कंपन्यांना. प्रस्ताव धुडकावला गेला. जुलैत नॅपस्टर बंद पडले, पुढच्या वर्षी दिवाळे निघाले. आकडा पुरेसा होता का, नॅपस्टरला तो पेलला असता का, यावर दुमत होऊ शकते. पण त्या सेवेपाशी जे होते ते पुढची कित्येक वर्षे कोणाकडे आले नाही: कोट्यवधी श्रोते एका जागी, आणि कोणते गाणे किती जण शोधतात हे सांगणारी ती मधली यादी. मोबदला वाटण्यासाठी याहून नेमका हिशेब जगात कुठेही नव्हता. न्यायालयात तीच यादी नॅपस्टरला भोवली, कारण यादी ठेवणाऱ्याला काय चालले आहे हे माहीत असते आणि ते थांबवणे त्याच्या हाती असते. त्यातून पुढच्या प्रोग्रॅमकर्त्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. काझा, ग्रोक्स्टर, नंतर बिटटोरेंट, या सगळ्यांनी मधला सर्व्हरच काढून टाकला किंवा विखरून टाकला. आता देवघेव तेवढीच, किंबहुना अधिक. पण मोजणारे कोणी नाही आणि बिल पाठवायला पत्ता नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रोक्स्टरविरुद्ध एकमताने निकाल दिला तेव्हा लोक केव्हाच पुढच्या साधनाकडे गेले होते.

बिल पाठवायला पत्ता उरला नाही, तेव्हा ते श्रोत्यांच्या घरी गेले. सप्टेंबर 2003 मध्ये अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 261 जणांवर दावे लावले. त्यात न्यूयॉर्कची 12 वर्षांची एक मुलगीही निघाली. 2008 च्या अखेरीस ही मोहीम थांबली तोवर सुमारे 35,000 लोकांना तिच्यात ओढले गेले होते, आणि बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली. मिनेसोटातल्या एका महिलेने लढायचे ठरवले. 24 गाण्यांसाठी ज्यूरीने तिला पहिल्यांदा 2,22,000 डॉलर, फेरसुनावणीत 19 लाख 20 हजार डॉलर दंड सुनावला. वर्षानुवर्षांच्या लढाईनंतर पुन्हा 2,22,000 वर गाडी आली. त्याच काळात ॲपलच्या दुकानात एक गाणे 99 सेंटला मिळत होते. कायद्यात एका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत दंडाची सोय होती, ती व्यापारी चोरांसाठी. ती घरगुती श्रोत्याला लावली गेली. जर्मन न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी जे दार लावून घेतले होते, नेमके तेच इथे उघडले गेले. यातून संगीताला काय मिळाले, हे मला तरी दिसत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. पैशाचे ठीक आहे, पण संमतीचे काय? मेटॅलिका या रॉक बँडने एप्रिल 2000 मध्ये नॅपस्टरवर खटला भरला, सव्वातीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांचे गठ्ठे नेऊन दिले, आणि तरुण श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. त्या रोषात त्यांची मूळ तक्रार हरवली. त्यांचे एक गाणे पूर्ण व्हायच्या आतच, कच्च्या अवस्थेत, नॅपस्टरवरून पसरून रेडिओवर वाजू लागले होते. आपली रचना केव्हा आणि कोणत्या रूपात लोकांपुढे ठेवायची हे ठरवण्याचा हक्क कलावंताचाच आहे, आणि कोणताही मोबदला त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच 1909 च्या तोडग्यातली पहिली अट महत्त्वाची आहे. सक्तीचा परवाना लागू होतो तो रचनाकाराने स्वतः पहिले मुद्रण होऊ दिल्यानंतर. अप्रकाशित गाणे त्याच्या कक्षेत येतच नाही. ते फोडणे तेव्हाही गुन्हा, आजही गुन्हा. पण एकदा दुकानात मांडलेल्या, रेडिओवर वाजणाऱ्या गाण्याबद्दल ‘यांनीच ऐकावे, त्यांनी नको’ असे म्हणण्याचा हक्क रचनाकाराला त्याआधीही फारसा नव्हता.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. आकारणी सगळ्यांवर पडणार, मग जो गाणी उतरवत नाही त्याने का भरावी? हा अन्याय खरा आहे, थोडा आहे, आणि तो कमी करता येतो. आकारणी ऐच्छिक ठेवता येते. ज्याला देवघेव करायची त्याने इंटरनेटच्या मासिक बिलात थोडी भर घालावी आणि निर्धास्त व्हावे. हार्वर्डचे विल्यम फिशर यांनी 2004 मध्ये अशा व्यवस्थेचा तपशीलवार आराखडा पुस्तकरूपाने मांडला होता. डिसेंबर 2005 मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने तर नाताळाच्या तोंडावर, मोजक्या सदस्यांच्या उपस्थितीत, तशी दुरुस्ती 30 विरुद्ध 28 मतांनी मंजूरही केली. जगातल्या एका मोठ्या देशाने फाइलींच्या देवघेवीला परवाना देण्याचे पाऊल उचलले होते. काही महिन्यांतच, मार्च 2006 मध्ये, ते मागे घेतले गेले, आणि 2009 मध्ये त्याच देशाने नेमकी उलट वाट धरली: वारंवार फाइली उतरवणाऱ्याचे इंटरनेट तोडण्याचा कायदा. तिथल्या घटना परिषदेने त्यातला दात लगेच काढला. न्यायाधीशाशिवाय कोणाचेही इंटरनेट तोडता येणार नाही असे ठरवले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सरकारने ठरवलेला दर गोठतो. 1909 चे दोन सेंट 1978 पर्यंत दोन सेंटच राहिले. जवळजवळ सत्तर वर्षांत ब्रेडपासून घरभाड्यापर्यंत सगळे महागले, संगीतकाराचा दर तेवढा जागच्या जागी होता. सक्तीच्या परवान्याची बाजू घेणाऱ्याने हे उघडपणे मान्य केले पाहिजे. पण दोष परवान्याचा नव्हता, दर कायद्याच्या कलमात कोरून ठेवण्याचा होता. ठरावीक वर्षांनी दर तपासणारे मंडळ असले की तो दूर होतो, आणि 1978 नंतर अमेरिकेने तसेच केले.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास झाला; स्ट्रीमिंग आले आणि वाद मिटला. एका अर्थाने मिटला, आणि ज्या रीतीने मिटला ती माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. 2008 मध्ये स्पॉटिफाय सुरू झाले ते स्वीडनमध्ये, फुकट फाइलींची बदनाम सूची चालवणाऱ्या पायरेट बेच्या देशात. सगळी गाणी, लगेच, थोड्या मासिक शुल्कात किंवा जाहिराती ऐकून: लोकांनी फाइली उतरवणे सोडून ते घेतले. 2023 मध्ये अमेरिकेतले उत्पन्न 1,710 कोटी डॉलरवर गेले, जरी महागाई धरली तर 1999 ची उंची अजून गाठलेली नाही. म्हणजे लोकांना परवाना हवा होता आणि त्याचे पैसे द्यायची त्यांची तयारी होती. फरक इतकाच, की कायद्याने, संसदेसमोर, सगळ्यांना दिसेल असा जो सौदा व्हायचा, तो बड्या कंपन्या आणि मोजके मंच यांच्यातल्या गोपनीय करारांनी झाला. मंचाच्या उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांकडे जातो. त्यातून गायकाला किती मिळावे हे त्याच्या कंपनीशी झालेला करार ठरवतो, आणि त्या करारात आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत हाती काहीच पडत नाही. 2024 पासून तर स्पॉटिफायवर वर्षभरात हजारदा न ऐकले गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या मोबदल्यालाच पात्र ठरत नाही.

याच्या शेजारीच दुसरे चित्र आहे. अमेरिकेत इंटरनेट रेडिओला, म्हणजे जिथे श्रोता गाणे निवडत नाही तिथे, कायद्याने दिलेला परवाना आहे. त्याचा मोबदला साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: 50 टक्के कंपनीला, 45 टक्के मुख्य कलावंताला आणि 5 टक्के साथीदार वादक-गायकांच्या निधीला. कलावंताचा वाटा थेट त्याला, उचल फिटलेली असो वा नसो. तबलजी किंवा व्हायोलिनवादकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की त्या पाच टक्क्यांचे मोल कळते. मंचांच्या खासगी करारांत त्याच्यासाठी अशी जागाच नाही. 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने स्ट्रीमिंगच्या अर्थकारणाची चौकशी केली, तेव्हा तिनेही रेडिओप्रमाणेच इथेही कलावंतांना न्याय्य मोबदल्याचा हक्क द्यावा अशी शिफारस केली.

भारतात हा प्रश्न आज अगदी ऐरणीवर आहे. 2012 च्या दुरुस्तीने, ज्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू लढवली, गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीच्या समान वाट्याचा असा हक्क दिला की तो त्यांना करारात सोडूनही देता येत नाही. त्याच दुरुस्तीने रेडिओ-टीव्हीसाठी वैधानिक परवाना आणला. तो इंटरनेटलाही लागू आहे असे म्हणून विंक या मंचाने टिप्स कंपनीची गाणी वाजवणे चालू ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये ते अमान्य केले आणि 2022 मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या आजच्या शब्दांत तो योग्यच आहे, रिओचा होता तसा. संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने 2021 मध्ये इंटरनेटलाही ही तरतूद लागू करावी असे सुचवले. कंपन्यांचा विरोध आहे, आणि त्यांची भीती निराधार नाही: 2010 मध्ये खासगी रेडिओसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या अवघे दोन टक्के असा दर ठरला होता. म्हणून नुसती व्याप्ती वाढवणे पुरेसे होणार नाही. दर काही वर्षांनी तपासला गेला पाहिजे, मंचांचे हिशेब उघडे असले पाहिजेत, आणि वाटणी कायद्यातच लिहिली पाहिजे. गीतकार-संगीतकारांचा समान वाटा त्यात आहेच. गायक-वादकांना मात्र व्यापारी वापरातून रॉयल्टी मिळेल एवढेच कायदा म्हणतो, किती ते सांगत नाही. तो आकडा तिथे यायला हवा, आणि मुख्य कलावंताबरोबर साथीदारांचाही.